जखमींच्या यादीबाहेर

१३ फेब्रुवारी २०१० रोजी, शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. सतरा जणांचा जीव गेला, साठच्या आसपास माणसे जखमी झाली. पुढे १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर एकामागोमाग चार कमी ताकदीचे स्फोट झाले आणि १० जुलै २०१४ ला फरासखाना पोलीस ठाण्याशेजारी उभ्या केलेल्या मोटारसायकलमध्ये स्फोट झाला. या दोन्ही वेळी कुणी दगावले नाही आणि पुण्याने ते प्रसंग चटकन मागे टाकले. जर्मन बेकरी २०१३ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा शहर सावरल्याची ग्वाही सर्वांनी दिली. ती खोटी नव्हती. शहर खरोखरच सावरते, फार लवकर सावरते. पण सावरल्याचा पुरावा म्हणून आपण ज्या गोष्टी दाखवतो, म्हणजे उघडलेले दुकान, भरलेली टेबले, पूर्ववत झालेली रहदारी, त्या बहुतेक वेळा त्या संध्याकाळी तिथे नसलेल्या माणसांच्या असतात. जे तिथे होते त्यांच्यापैकी कोण त्या रस्त्याला पुन्हा फिरकलेच नाही, हे भरलेल्या टेबलांवरून कळत नाही. राजकीय हेतूने केलेल्या हिंसेत ज्यांच्या मनाला इजा होते, त्यांची नोंद आपल्याकडे कुठेच होत नाही. ती झाली पाहिजे, आणि रुग्ण आला तर बघू असे न म्हणता सरकारी आरोग्य यंत्रणेने स्वतःहून, एकदा नव्हे तर काही वर्षे, त्या माणसांकडे गेले पाहिजे, असे मला म्हणायचे आहे. त्यामागचे कारण दयेचे नाही. या आजाराची घडणच अशी आहे की तो झालेला माणूस सहसा दवाखान्याच्या पायरीपर्यंत येत नाही.

आघातानंतरच्या या तणावविकाराला, ज्याला आता आपणही सर्रास पीटीएसडी म्हणतो, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या अधिकृत यादीत जागा दिली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या दबावाचा त्यात मोठा वाटा होता. आजार अर्थातच त्याआधीचा. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतणाऱ्या, अंगावर ओरखडाही नसलेल्या पण थरथरणाऱ्या सैनिकांना 'शेल शॉक' झाल्याचे डॉक्टर लिहीत होते. त्याच्याही आधी, १८६६ मध्ये, एरिकसन या इंग्रज शल्यचिकित्सकाने रेल्वे अपघातांतून वाचलेल्यांच्या अशाच तक्रारींवर पुस्तक लिहिले होते. लक्षणे आता चार गटांत मांडतात. घटना मनात बळेच परत येते, स्वप्नात किंवा दिवसाढवळ्या. तिची आठवण करून देणाऱ्या प्रत्येक गोष्टीला माणूस बगल देतो. स्वतःविषयी आणि जगाविषयी त्याचे मन काळवंडते. आणि शरीर कायम सावध, ताठ, दचकायला टपलेले राहते. हे सारे महिन्याहून अधिक टिकले आणि त्याने रोजच्या जगण्यात मोडता घातला, तरच त्याला पीटीएसडी म्हणायचे. पुण्याच्या संदर्भात हे कसे दिसेल ते पाहू. जर्मन बेकरीतला बॉम्ब एका बॅगेत होता. त्यातून वाचलेल्या माणसाला पीएमपीच्या बसमध्ये सीटखाली कुणाची विसरलेली बॅग दिसली, तर त्याच्या लेखी तो प्रवास तिथेच संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. शहराला तो उत्सवाची चाहूल वाटतो; या माणसाला संध्याकाळी खिडक्या लावून बसायची वेळ वाटते. हॉटेलात गेलाच तर तो दाराकडे तोंड करून बसतो. हळूहळू हॉटेल सुटते, मग लग्नसमारंभ सुटतात, मग कामावर जायचा रस्ता बदलतो, कधी कामच बदलते. घरचे म्हणतात, स्वभाव एकलकोंडा झालाय. खरे तर तो चोवीस तास मेहनत घेत असतो: ती आठवण होऊ नये याची.

सगळी गोम या दुसऱ्या गटात, टाळण्यात आहे. डॉक्टरकडे जायचे म्हणजे काय झाले ते सांगायचे, आणि सांगायचे म्हणजे पुन्हा तिथे जायचे. त्यामुळे दात दुखला की माणूस दवाखाना शोधतो तसे इथे होत नाही. इथे आजार आणि दवाखाना यांच्या मधोमध आजारच उभा असतो. 'सोय आहे, ज्याला हवे त्याने यावे' हे धोरण इतर अनेक आजारांना अपुरे पडेल, पण या आजाराला ते मुळातच लागू पडत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस'ची १४४१६ ही हेल्पलाइन चांगलीच आहे, पण फोन रुग्णानेच करायचा आहे. पुण्याला तर संस्थांची वाण नाही. येरवड्याचे मनोरुग्णालय, राज्यातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, कोरेगाव पार्कपासून नदीच्या पलीकडे. ससून रुग्णालयाच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. वानवडीला सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथे युद्धाने मनावर होणाऱ्या जखमांचा अभ्यास नवा नाही. ही सगळी दारे उघडी असूनही या विशिष्ट माणसाकरता ती बंद असल्यासारखीच आहेत.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे: काळ हेच औषध. बहुसंख्य माणसे आपोआप बरी होतात, त्यांना रुग्ण कशाला बनवता? आक्षेपाचा पूर्वार्ध खराच आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ११० व्या रस्त्याच्या दक्षिणेला राहणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा साडेसात टक्के लोकांत पीटीएसडी आढळला. सहा महिन्यांनी तेच प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले होते. एवढेच वाचले तर वाटेल, काही न करता सगळे निस्तरते. पण ही पाहणी शहराची होती. त्याच न्यूयॉर्कने दुसरीही एक यादी केली: मनोऱ्यांतून बाहेर पडलेले, बचावकार्य केलेले, त्या भागात राहणारे, शिकणारे, काम करणारे अशा सुमारे एकाहत्तर हजार जणांची नोंदवही, आणि वर्षानुवर्षे त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्या नोंदवहीत हल्ल्यानंतर दोन-तीन वर्षांनी पीटीएसडीची लक्षणे असलेले प्रौढ सुमारे १४ टक्के होते. पाच-सहा वर्षांनी ते १९ टक्क्यांवर गेले. म्हणजे कमी होण्याऐवजी वाढले. दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांत विसंगती नाही. शहर बरे होत असताना त्याच शहरातले, घटनेच्या तोंडाशी सापडलेले लोक अधिक आजारी होत जाऊ शकतात. शहराची सरासरी त्यांना झाकून टाकते, आणि नोंदवही नसती तर हे कुणाला कळलेही नसते. आपल्याकडे नोंदवही नाही, म्हणून आपल्याला फक्त पहिल्या आकड्यासारखा दिलासा मिळतो. तोही न मोजता.

याच आक्षेपाचा उत्तरार्ध अधिक सूक्ष्म आहे. दुर्घटना झाली की समुपदेशकांची फौज धाडायची, वाचलेल्यांना एका बैठकीत 'मोकळे करायचे', ही पद्धत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जगभर बोकाळली. पुढे तिची शिस्तीत चाचणी झाली तेव्हा एका बैठकीच्या अशा सत्रांचा पीटीएसडी टाळायला उपयोग होत नाही, असे निघाले. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका आणि रस्ते अपघातातल्या जखमींवरच्या एका चाचणीत तर सत्रे घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांहून वाईट राहिली. त्यामुळे घाईघाईने मने उकरायला जाऊ नये, हे म्हणणारे बरोबर आहेत. (कॅमेरा पुढे करून 'तुम्हाला काय वाटतंय' असे विचारणाऱ्यांना हे कुणी सांगितले तर बरे होईल.) पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? पहिल्या दिवसांत हवी ती सुरक्षितता, झोप, घरच्यांशी भेट, खरी माहिती, कागदपत्रांची मदत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका हेच सांगते. मग थांबायचे. महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन विचारायचे, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. बहुतेकांना काही लागणार नाही. ज्यांना लागेल त्यांना उपचार द्यायचे. पण थांबायचे म्हटले तरी आपण कुणासाठी थांबलो आहोत हे ठाऊक लागते. यादी नसताना थांबणे म्हणजे विसरणे. एका सत्रात लोकांना मोकळे करू पाहणाऱ्यांविरुद्धचा पुरावा पाठपुराव्याच्या विरुद्ध जात नाही. उलट पाठपुराव्याची गरज त्यानेच सिद्ध होते.

लंडनने ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर हेच केले. बावन्न माणसे मेली होती, शेकडो जखमी होते. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्यांशी स्वतःहून संपर्क साधला, छोटी प्रश्नावली पाठवली, ज्यांची उत्तरे काळजीची वाटली त्यांना बोलावले आणि आघातावर नेमके काम करणारे उपचार दिले. त्यांना आढळलेली एक गोष्ट आपल्या वादाला थेट भिडते. तिथे प्रत्येक माणूस एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या पटावर असतो, उपचार फुकट असतात, तरी त्या डॉक्टरांमार्फत आलेले रुग्ण फार थोडे होते. इतक्या बांधेसूद व्यवस्थेतही दार उघडे ठेवून भागले नाही, जावे लागले. आणि उपचार काही गूढ नसतात. प्रशिक्षित माणसासमोर, सुरक्षित खोलीत, ती घटना क्रमाने, पुन्हा पुन्हा, तिचा डंख बोथट होईपर्यंत सांगायची; टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परत जायचे; 'मी बाहेर पडलो आणि तो आतच राहिला, म्हणजे चूक माझी' असल्या समजुती तपासायच्या. आठ ते बारा बैठकांत अनेकांना लक्षणीय उतार पडतो. काहींना सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांची जोड लागते.

आता आपली व्यवस्था. स्फोटातला माणूस रुग्णालयात आला की त्याचे इजा प्रमाणपत्र होते. त्यात रकाने असतात: इजेचा प्रकार, लांबी-रुंदी, शरीराचा कोणता भाग, कशाने झाली, साधी की गंभीर. गंभीर कशाला म्हणायचे हे भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० ने ठरवून दिले होते, आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम ११६ तेच सांगते. त्या यादीत डोळा आहे, कान आहे, सांधा आहे, चेहऱ्याची विद्रूपता आहे, मोडलेले हाड आहे. मोडलेला किंवा निखळलेला दातसुद्धा आहे. मन नाही. स्फोटात दात गेलेला माणूस गंभीर जखमी; शेजारच्या टेबलावरचा मित्र डोळ्यांदेखत छिन्नविच्छिन्न झालेला, पण स्वतःला खरचटलेलेही नाही असा माणूस, कागदावर जखमीच नाही. 'जिवावरचे शेपटावर निभावले' असे म्हणून लोकही त्याला घरी पाठवतात. गंमत अशी की त्याच दंड संहितेचे कलम ४४ इजा म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेली हानी असे स्वच्छ म्हणत होते. नव्या संहितेनेही ती व्याख्या तशीच ठेवली आहे. १८६० सालच्या कायद्याला जे सुचले होते ते प्रमाणपत्राच्या रकान्यापर्यंत दीडशे वर्षांत उतरले नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित व्यक्तीची व्याख्या आणि तिच्या पुनर्वसनासाठी भरपाईचे कलम ३५७-अ आले ते ३१ डिसेंबर २००९ पासून, म्हणजे जर्मन बेकरीच्या स्फोटाच्या जेमतेम दीड महिना आधी. त्याखालची महाराष्ट्राची योजना निघायला मात्र २०१४ उजाडले. दहशतवादी, जातीय आणि नक्षलवादी हिंसेतल्या नागरी बळींसाठी केंद्राची २००८ पासून वेगळी योजना आहे. तिची मदत मृत्यूसाठी किंवा ५० टक्के किंवा त्याहून अधिक कायमच्या अपंगत्वासाठी. दिव्यांगांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने मानसिक आजारालाही दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आहे, त्यामुळे तत्त्वतः वाट बंद नाही. पण मुळात ज्याचे नाव जखमींच्या यादीतच चढले नाही, त्याने काही वर्षांनी कुठल्या कागदाच्या आधारे सिद्ध करावे की त्याचा आजार त्या संध्याकाळपासूनचा आहे? राज्याला हे उमगत नाही असेही नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्राने बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी 'मनोधैर्य' योजना काढली, तिच्या नावातच मन आहे आणि समुपदेशन तिचा भाग आहे. जे तत्त्व तिथे मान्य झाले ते बॉम्बस्फोट किंवा दंगल यांच्या बाबतीत का थांबावे, याचे समाधानकारक कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या नावाने येतो. हा आजार पाश्चात्त्यांच्या एकाकी जगण्यातून आलेला. आपल्याकडे घर आहे, नातीगोती आहेत, देवधर्म आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी याहून भयंकर पाहिले आणि निभावून नेले. या युक्तिवादाची परीक्षा आपल्याच इतिहासावर करावी. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात आणि इतरत्रही ब्राह्मणांची घरे जळाली. त्या घरांमध्ये 'अठ्ठेचाळीस' हा शब्द आजही पुरेसा असतो. वाडा, जमीन, कुळे, जळालेली कागदपत्रे यांचा हिशेब पुढच्या पिढ्यांना मिळतो, पण त्या रात्री शेतात लपलेल्या मुलाचे पुढे काय झाले हे क्वचितच कुणी सांगते. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसे गाव सोडून शहरांच्या कडेला आली आणि तिथे पोटामागे लागली. हे दोन प्रसंग एका पारड्यात घालण्याचा हेतू नाही. सत्तेची उतरंड दोन्हीकडे वेगळी आहे, आणि दुसऱ्या प्रसंगातल्या माणसांना पुढेही पुन्हा पुन्हा तेच सोसावे लागले, त्यांच्यासाठी आघात संपून 'नंतर' कधी सुरूच झाले नाही. पण दोन्हींकडून निभावून नेल्याचा जो पुरावा दिला जातो तो म्हणजे गप्प राहिलेली माणसे. गप्प राहणे हे बरे झाल्याचे लक्षण असू शकते, तसेच आजाराचेही. कुणी विचारलेच नसेल तर त्यातले कोणते हे ठरवता येत नाही. जिथे विचारले गेले तिथले उत्तर हाताशी आहे. २०१५ मध्ये काश्मीर खोऱ्यात झालेल्या मोठ्या पाहणीत १९ टक्के प्रौढांत पीटीएसडीची लक्षणे दिसली. खोऱ्यातही एकत्र कुटुंबे आहेत, श्रद्धा आहे, दर्गे आहेत. कुटुंबाचा आधार मोठा असतो हे निर्विवाद. ज्यांना घटनेनंतर माणसांची सोबत मिळते ते अधिक लवकर सावरतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसते. पण तेच कुटुंब प्रेमापोटी 'आता तो विषय नको' असे म्हणते, टीव्ही बंद करते, तो रस्ता टाळून दुसऱ्याने गाडी घालते. म्हणजे टाळण्यात सामील होते. आपल्याकडे हा आजार अनेकदा अंगदुखी, धडधड, पोटाची तक्रार, अपुरी झोप अशा वेषात जनरल प्रॅक्टिशनरपुढे येतो, आणि ईसीजी नॉर्मल आला की विषय संपतो.

टीव्हीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतरच्या अभ्यासात, पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र तणावाची लक्षणे प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते; पुण्याचे दोन, डोंबिवलीचे तीन, पनवेलचे एक. त्या घरांतल्या बायकामुलांनी ते डोळ्यांसमोर पाहिले, आणि मग त्यांच्या दुःखाच्या चित्रफिती अख्ख्या देशाने आठवडाभर पाहिल्या, त्यांच्यासकट. या कुटुंबांना भेटायला नेते गेले, मदतीचे धनादेश गेले. तिथूनच परतलेले, गोळीबाराच्या आवाजात कुरणावरून पळालेले इतरही मराठी पर्यटक होते. ते कोणत्याच यादीत नाहीत. आणि मदतीला धावणाऱ्यांच्या तर याद्या करण्याची आपल्याला सवयच नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरींत जखमींना आणि मृतांना उचलले. अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातले कर्मचारी यांची किमान हजेरीपटावर नावे तरी असतात. चादर देणाऱ्या माणसाने त्या रात्री काय पाहिले, हे त्याला पुन्हा कुणी विचारायला गेले असेल, असे वाटत नाही.

पैसा आणि माणसे कुठून आणणार, हा आक्षेप आपण फार पटकन मान्य करतो. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ धड येत नाही हे खरे. पण या कामाचे आकारमान बघा. जर्मन बेकरीसारख्या घटनेत मृतांचे जवळचे नातेवाईक, जखमी, बचावलेले, धावून आलेले असे तीनशे जण धरू. त्यांतल्या एक पंचमांश लोकांना उपचार लागले, तर साठ. प्रत्येकी बारा बैठका म्हणजे ७२०. दिवसाला चार बैठका घेणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाचे एकशेऐंशी दिवसांचे काम. एका स्फोटाच्या तपासावर, खटल्यावर, त्यानंतरच्या सीसीटीव्हीवर झालेल्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहायचीही गरज नाही. उरलेले काम शोधण्याचे आणि विचारत राहण्याचे आहे, आणि ते आपल्या आरोग्य खात्याला चांगले येते. क्षयरोग्याची नोंद होते, तो गोळ्या घेतो की नाही हे पाहायला कर्मचारी घरी जातो. कुष्ठरोग शोधायला आशा कार्यकर्त्या दारोदार फिरतात. रुग्ण स्वतः येणार नाही, हे गृहीत धरूनच ही कामे बसवलेली आहेत. खोटे दावे होतील, हीही भीती आहेच. एरिकसनच्या काळात रेल्वे कंपन्यांचे वकील न्यायालयांत नेमके हेच म्हणत. काही होतीलही. शारीरिक अपंगत्वाची खोटी प्रमाणपत्रेही निघतात, म्हणून आपण खऱ्या अपंगांना वाऱ्यावर सोडत नाही, आणि उपचार मागणाऱ्याने ढोंग करून मिळवायचे तरी काय, बारा बैठका?

याहून अवघड प्रश्न न्यायालयांचा आहे. जर्मन बेकरी खटल्यात शिक्षा झालेल्या आरोपीला २०१३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने फाशी सुनावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला कटाच्या आणि खुनाच्या आरोपांतून मुक्त केले, स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप मात्र कायम राहिली. लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाल्या. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. त्यानंतर दहाच दिवसांनी २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. निकाल कायद्याच्या कसोटीवर बरोबर की चूक, हा इथला विषय नाही. पण वाचलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहा: दर काही वर्षांनी मथळे, जुनी छायाचित्रे, साक्षीचे समन्स, उलटतपासणीत 'बॅग कुठल्या रंगाची होती' असे प्रश्न, आणि सतरा-एकोणीस वर्षांनी हे समजणे की कुणी केले ते ठाऊक नाही. मुद्दाम, माणसाने, कुणीतरी ठरवून केलेली हिंसा नैसर्गिक आपत्तीपेक्षा मनाला खोल लागते, आणि 'कुणी' या प्रश्नाला उत्तरच नसेल तर ती जखम भरून यायला आणखी अडचण होते. पाठपुरावा काही महिन्यांचा नको, वर्षांचा हवा, असे म्हणतो ते याचसाठी. निकालाच्या आठवड्यात त्या घरी एक फोन गेला पाहिजे. आणि त्याच तर्काने पुढे गेले तर एका गैरसोयीच्या ठिकाणी पोचावे लागते. लोकल स्फोटांच्या निकालात कबुलीजबाब नाकारताना उच्च न्यायालयाने छळाच्या तक्रारींची दखल घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुढच्या खटल्यांना दाखला म्हणून वापरण्यावर स्थगिती दिली आहे आणि वाद संपलेला नाही. तरीही ज्यांनी एकोणीस वर्षे तुरुंगात काढली आणि ज्यांना न्यायालयाने दोषी मानले नाही, तेही या हिंसेच्या परिघातलेच लोक आहेत. पीटीएसडीला बळी कोणत्या बाजूचा हे कळत नाही. माझ्या नोंदवहीत त्यांच्यासाठीही पान असेल, आणि हे अनेक वाचकांना रुचणार नाही याची कल्पना आहे.

बॉम्बस्फोटच का, असे कुणी विचारेल. रस्त्यांवर त्याहून कितीतरी अधिक माणसे मरतात, आणि त्यांच्या घरच्यांनाही हा आजार होतो. आक्षेप रास्त आहे. सुरुवात इथून करावी याला कारण इतकेच की इथे यादी करणे सोपे आहे, माणसे मोजकी असतात, आणि अशी हिंसा नागरिकांना राज्याशी हिशेब चुकता करण्याचे साधन बनवते, त्यामुळे त्यांचे देणे राज्याच्या अंगावर अधिक थेट येते. पद्धत बसली की ती पुढे नेता येईल. मात्र यादी कोणाच्या हातात, हा तपशील आधी ठरवावा लागेल. वाचलेले बहुतेक जण साक्षीदार असतात. त्यांची मानसिक स्थिती नोंदवलेला कागद पोलिसांच्या फायलीत गेला, तर बचावाचा वकील तोच पुढे करून म्हणेल, या साक्षीदाराचे डोके ठिकाणावर नाही. आणि लोकांना तसे होण्याची भीती जरी वाटली, तरी ते विचारायला आलेल्याला खरे सांगणार नाहीत. लंडनमध्ये उलट अडचण आली. खाजगीपणाच्या कायद्याच्या धास्तीने यंत्रणा नावे द्यायला कचरल्या आणि वाचलेल्यांपर्यंत पोचायला उशीर झाला. म्हणून नावे आणि पत्ते पोलीस आणि रुग्णालये यांच्याकडून एकाच दिशेने, आरोग्य खात्याकडे जावेत, आणि तिथली वैद्यकीय माहिती तपासाकडे परत येऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची गोपनीयता हक्क म्हणून मानलीच आहे. काम जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे द्यावे, पुण्यात तांत्रिक मार्गदर्शन ससूनच्या आवारातल्या संस्थेने करावे. नाव नोंदवायचे नाही असे म्हणणाऱ्याचे नाव नोंदवू नये, पण वर्षभराने त्याला एकदा पुन्हा विचारावे, कारण पहिला नकार आजाराचा असू शकतो. आणि इजा प्रमाणपत्रात एक रकाना वाढवावा, ज्यात डॉक्टरने निदान लिहायचे नाही. घटनेच्या वेळी ही व्यक्ती कुठे होती, तिने काय पाहिले, आणि महिन्याने तिला कोणत्या पत्त्यावर भेटायचे, एवढेच.